इंजिन शेवटी खोला: ट्रकचं काम चालू असताना झिजलेलं इंजिन कसं सांभाळायचं

जुना ट्रक ताब्यात आला की पहिल्या आठवड्यातच हात शिवशिवतात ते इंजिन उतरवायला. निळा धूर, तेलकट ब्लॉक, गरम झाल्यावर खाली बसणारा ऑइलचा काटा हे सगळं बघून वाटतं, आधी हेच काम उरकून घ्यावं. जुने ट्रक दुरुस्त करून पुन्हा उभे करायच्या कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगतो, इंजिन सगळ्यात शेवटी खोला.

कारण साधं आहे. इंजिन चालू असेल तर ट्रक स्वतःच्या चाकांवर आत-बाहेर हलतो. तिसऱ्या गिअरला गिअरबॉक्स ओरडतो का, क्लच घसरतो का, डायनॅमो चार्ज करतो का, एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर दाब धरतो का, हे सगळं इंजिन फिरत असतानाच कळतं. ते काढून ठेवलं की या प्रत्येक गोष्टीचा फक्त अंदाज उरतो. दुसरं असं की केबिन आणि चॅसिसचं काम वर्षानुवर्षं लांबतं. नवीन बांधलेलं इंजिन तेवढा काळ न फिरता पडून राहिलं तर लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतो त्या नळकांड्याला, गंज धरतो, सील सुकतात आणि ग्राइंडरची धूळ नको तिथे शिरते. त्यापेक्षा झिजलेल्या इंजिनाकडूनच हे दिवस काढून घ्यावेत.

फक्त एक फरक डोक्यात पक्का हवा. झिजलेलं इंजिन ऑइल खातं, धूर सोडतं, चढाला दम टाकतं, पण चालतं. मोडायला आलेलं इंजिन आवाज बदलतं, ऑइलचा दाब सोडतं, ऑइलमध्ये पाणी किंवा धातूचे कण दाखवतं. पहिल्याला सांभाळायचं, दुसऱ्याला लगेच थांबवायचं. पुढे जे लिहिलंय ते या दोघांतला फरक वेळेत ओळखता यावा यासाठीच.

पहिला सेल्फ मारण्याआधी

बरीच वर्षं उभ्या असलेल्या ट्रकला बॅटरी जोडून लगेच सेल्फ मारू नका. पेट्रोल इंजिन असेल तर सगळे प्लग काढा, डिझेल असेल तर नोझल किंवा हीटर प्लग. प्रत्येक सिलिंडरमध्ये एक चमचा पातळ ऑइल सोडा आणि निदान एक दिवस तसंच राहू द्या. मग क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा, इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने. अडलं तर जोर करू नका. थोडं मागे घ्या, पुन्हा पुढे न्या, पुन्हा ऑइल द्या. चिकटलेला व्हॉल्व्ह किंवा पिस्टनवरची गंजलेली रिंग दमाने सुटते. घाई केली तर पुश रॉड वाकतो.

हाताने दोन पूर्ण फेरे मोकळे आले की प्लग बाहेर असतानाच सेल्फवर फिरवा, पण थोडं थोडं. मध्ये सेल्फला गार होऊ द्या. कॉम्प्रेशन नसल्यामुळे बेअरिंगवर भार येत नाही आणि पंपाला ऑइल वर चढवायला वेळ मिळतो. काट्यावर दाब दिसला की मगच प्लग बसवायचे.

टाकीतलं जुनं इंधन वापरू नका. टाकीच्या तळाला गंज आणि चिकट गाळ असतो, तो एकदा कार्बोरेटरमध्ये किंवा डिझेल पंपात गेला की पुढचे कित्येक दिवस तेवढंच काम पुरतं. टाकी साफ होईपर्यंत झाकणाचा छोटा कॅन, नवीन फिल्टर आणि नवीन होज यांच्यावर भागवा. आजच्या पेट्रोलमध्ये अनेक ठिकाणी इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. म्हणून इथेनॉलला टिकणारीच होज घ्या. कॅन कार्बोरेटरपेक्षा उंच ठेवणार असाल तर मध्ये बंद करायचा कॉक हवाच. डिझेल असेल तर परतीची नळीही कॅनमध्येच सोडा, नाहीतर आलेलं डिझेल जमिनीवर जाईल. आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू करू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दार उघडं आहे म्हणून भागत नाही, सायलेन्सरचं तोंड उघड्यावर असलं पाहिजे.

ऑइल

झिजलेल्या इंजिनाचं निम्मं आयुष्य ऑइलवर ठरतं, म्हणून इथे जरा थांबू.

जुनं ऑइल काढलं की ते ओतून देण्याआधी बघा. बोटांमध्ये चोळा, उजेडात धरा, वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल आणि डिपस्टिकवर पातळी वाढलेली असेल तर बहुतेक वेळा फ्युएल पंपाचा पडदा फाटलेला असतो आणि इंधन थेट ऑइल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात, उतरत असतं. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचं रक्षण करू शकत नाही. डिपस्टिकवर दुधाळ, कॉफीसारखं ऑइल दिसलं तर आत पाणी आहे. ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडा पिवळट फेस दिसला तर मात्र घाबरू नका, तो बहुतेकदा साचलेल्या वाफेचा असतो.

त्यानंतर हे ऑइल चेंबर खाली उतरवा. नवशिके ही पायरी टाळतात आणि पुढे पस्तावतात. चेंबरच्या तळाला डांबरासारखा गाळ बसलेला असतो आणि ऑइल पंपाची जाळी त्यातच बुडालेली असते. आजच्या ऑइलमध्ये मळ सोडवणारी द्रव्यं असतात. जुन्या, कधीच न उघडलेल्या इंजिनात ती हा गाळ मोकळा करतात आणि तो जाळीवर जाऊन बसतो. म्हणून फ्लशिंगची बाटली ओतून इंजिन चालवू नका. चेंबर उतरवा, हाताने खरवडा, जाळी रॉकेलने धुवा. ट्रक मोठा असेल आणि चेंबर जड असेल तर खाली जॅक लावूनच सोडा. चेंबर उघडा आहेच तर एखाद्या कनेक्टिंग रॉडची कॅप खोलून बेअरिंगही बघून घ्या. करडा, सारखा पृष्ठभाग चांगला. तांब्याचा रंग दिसला तर वरचा थर गेलेला आहे. कुठली कॅप कुठल्या रॉडची आणि कुठल्या बाजूने, ही खूण केल्याशिवाय पाना लावायचा नाही.

ऑइल किती जाड घ्यायचं? गाडीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडपासून सुरुवात करा. गरम इंजिनात आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, दाब फार खाली येत असेल तर एक पायरी जाड जा, उदाहरणार्थ १५ डब्ल्यू ४० वरून २० डब्ल्यू ५०. त्यापुढे जाऊ नका. खूप जाड ऑइल गरम इंजिनात काट्यावर छान दिसतं, पण थंड असताना ते वरच्या रॉकरपर्यंत पोचायलाच वेळ घेतं आणि तेवढ्या वेळात झीज होते. चिकट, मधासारखी जी ॲडिटिव्ह मिळतात ती धूर आणि आवाज तात्पुरता झाकतात. मला ती आवडत नाहीत, कारण ज्या लक्षणांवर आपली नजर हवी तीच ती लपवतात. एक काळजी मात्र घ्या. जुन्या सपाट टॅपेटच्या (टॅपेट म्हणजे कॅमवरून व्हॉल्व्ह उचलणारा भाग) इंजिनाला ऑइलमध्ये पुरेसं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग लागतं. नव्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेलं असतं, त्यामुळे जुन्या इंजिनांसाठीचं ऑइल निवडा.

आणि फिल्टर. बदललेला फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारा बारीक काळा भुगा ही नेहमीची झीज. चकाकणारे पापुद्रे, विशेषतः चुंबकाला न चिकटणारे तांबूस किंवा चंदेरी, म्हणजे बेअरिंग सुटत चाललंय.

मोजा आणि लिहून ठेवा

एक वही करा. मी वहीला पान्याइतकंच हत्यार मानतो. सोबत तास मोजणारं छोटं मीटर बसवा, कारण दुरुस्तीतला ट्रक किलोमीटर कमी आणि तास जास्त चालतो. किती तासांत किती ऑइल खाल्लं हे लिहीत गेलात तर इंजिन स्थिर आहे की घसरतंय ते आपोआप दिसतं.

ऑइलचा दाब. डॅशबोर्डवरच्या जुन्या काट्यावर विश्वास टाकू नका. इंजिनावर थेट नळीने जोडणारा मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण गरम असताना दर १,००० आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं माप, दर चौरस इंचाला पौंड) हा मेकॅनिक लोकांचा ठोकताळा आहे. पण तो सगळ्या इंजिनांना लावू नका. शेव्हरोलेटचं १९३७ ते १९५३ या काळातलं २१६ घन इंचाचं सहा सिलिंडरचं इंजिन घ्या. त्यात रॉडच्या बेअरिंगला दाबाने ऑइल मिळत नाही. रॉडच्या टोकाला असलेले डिपर चेंबरमधल्या पन्हळीतून आणि नोझलच्या धारेतून ऑइल उचलतात. त्या इंजिनाच्या काट्याची पट्टीच ३० पीएसआयपर्यंत, आणि १४-१५ दिसले तरी ते ठणठणीत असतं. आपल्या इंजिनाची रचना कोणती हे आधी वाचा, मग आकड्याची काळजी करा.

कॉम्प्रेशन. पेट्रोल इंजिनाला ही चाचणी घेताना इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सगळे प्लग बाहेर, इग्निशन बंद केलेलं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला हवा. प्रत्येक सिलिंडरला चार-पाच ठोके द्या आणि आकडा लिहा. जुन्या कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात १०० ते १३० पीएसआय सहज चालतं. आकडा किती यापेक्षा सिलिंडर एकमेकांच्या किती जवळ आहेत हे महत्त्वाचं. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्तीच्या तीन-चतुर्थांशाच्या खाली गेला तर कारण शोधा. त्यासाठी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा किंवा लायनर, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच पडलेले असतील तर मधलं हेड गॅसकेट. डिझेलचं कॉम्प्रेशन याच्या तिप्पट-चौपट असतं, त्यासाठी वेगळा गेज लागतो, आणि ही ऑइल टाकून करायची चाचणी डिझेलला करू नका.

पहिल्या आकड्यांवरून इंजिनाचा निकाल लावू नका. उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा खोबणीत कार्बनने चिकटलेल्या असतात. पाच-सहा तास हलक्या भारावर चालल्यावर त्या सुटतात आणि निकामी वाटलेला सिलिंडर इतरांच्या जवळ येतो. म्हणून तेवढे तास झाले की पुन्हा मोजा.

पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम गेज, म्हणजे इनटेकमधली ओढ मोजणारा काटा, हा आणखी एक चांगला मित्र. समुद्रसपाटीला आयडलवर काटा १७ ते २१ इंचांमध्ये (पाऱ्याचे इंच) स्थिर हवा. उंचीवर दर १,००० फुटांना साधारण एक इंच कमी धरा. काटा स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा रिंगा झिजल्यात. ठराविक तालात एक झटका मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

धुराचा रंगही वहीत लिहा, आणि तो कधी येतो तेही. ॲक्सिलरेटर दिल्यावर निळा धूर म्हणजे रिंगा. उतारावर पाय काढून पुन्हा दिल्यावर किंवा बराच वेळ आयडल ठेवल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती, झिजलेली. काळा म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी, तेव्हा आधी एअर फिल्टर बघा. गरम इंजिनात टिकून राहणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट जळतंय.

छोट्या दुरुस्त्या, मोठा फरक

ज्याला लोक इंजिन संपलं म्हणतात ते पुष्कळदा फक्त टॅपेटचं असतं. घट्ट बसलेला व्हॉल्व्ह कॉम्प्रेशन गळवतो आणि हळूहळू जळतो. सगळ्यात आधी टॅपेटचं अंतर फीलर गेजने लावा. पुस्तकात थंड इंजिनाचं अंतर दिलंय की गरम, हे वाचूनच. टॅपेट थोडा आवाज करत असेल तर करू द्या, सैल टॅपेट घट्ट टॅपेटपेक्षा कधीही बरा.

ऑइलने एकच प्लग पुन्हा पुन्हा काळा आणि ओला होत असेल तर त्या सिलिंडरला एक पायरी गरम प्लग लावता येतो. त्याचं टोक जास्त तापतं आणि ऑइल जाळून टाकतं. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा कमी तेवढा प्लग गरम, चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये उलट, आकडा जास्त तो गरम. ही सोय फक्त अंगणातल्या हलक्या कामापुरती. भार लादून ट्रक लांब पळवायचा असेल तर मूळ प्लग परत लावा, नाहीतर टोक लाल होऊन मिश्रण वेळेआधी पेटेल आणि पिस्टन जाईल.

ब्रीदर साफ ठेवा. रिंगांमधून खाली उतरलेल्या वायूला तोच एक रस्ता असतो. तो तुंबला की दाब ऑइल सील आणि पॅकिंगमधून बाहेर पडतो, आणि माणसं सील बदलत बसतात.

शिसं नसलेल्या पेट्रोलने जुन्या व्हॉल्व्ह सीट झिजतात ही भीती खरी आहे, पण ती सतत वेगात आणि भाराखाली चालणाऱ्या इंजिनाची. दुरुस्ती चालू असताना त्यावर वेळ घालवू नका.

डिझेल असेल तर हे वाचल्याशिवाय किल्ली फिरवू नका

झिजलेल्या डिझेलचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे इंजिन ताब्याबाहेर पळणं. रिंगांमधून सुटलेला वायू ब्रीदरमधून ऑइलची वाफ घेऊन जातो. ती एअर इनटेकमध्ये पोचली तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर चालायला लागतं. डिझेल बंद करूनही ते थांबत नाही, वेग वाढतच जातो आणि शेवटी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. याला एकच उपाय आहे, हवा बंद करणं. म्हणून पहिल्या काही वेळा चालू करताना इनटेकचं तोंड मोकळं ठेवा आणि ते पूर्ण झाकेल एवढी जाड, सपाट फळी घेऊन एक माणूस शेजारी उभा करा. हात किंवा कापड लावायचं नाही, इनटेक ते आत ओढून घेतं. ब्रीदरची नळी इनटेकला जोडलेली असेल तर ती काढून खाली मोकळी सोडा आणि इनटेककडचं भोक बंद करा.

थंडीत डिझेल उचलत नाही म्हणून ईथरचा स्प्रे मारायची सवय लावू नका. हीटर प्लग किंवा इनटेक हीटर असलेल्या इंजिनात तो इनटेकमध्येच भडकतो, आणि इतर इंजिनांत त्याच्या कडक धक्क्याने रिंगा आणि पिस्टनच्या खोबणी तुटतात. आधी बॅटरी आणि सेल्फ बघा. कॉम्प्रेशन कमी असलेल्या डिझेलला सगळ्यात जास्त गरज असते ती वेगाने फिरण्याची. मग फिल्टर बदला, डिझेलच्या नळीतली एअर काढा, हीटर तपासा. नोझलची नळी सैल करून कुठला सिलिंडर मरतोय ते बघताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात धारेपासून लांब. त्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. तसं झालं तर जखम छोटी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठा.

पाणी

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला बरेच जण देतील. ऐकू नका. थंड इंजिन जास्त झिजतं आणि त्याच्या ऑइलमधलं पाणी कधी उडून जात नाही. थर्मोस्टॅट गरम पाण्यात धरून उघडतो का ते बघा, रेडिएटर उलट्या दिशेने धुवा, मूळ दाबाचंच झाकण लावा. जास्त दाबाचं झाकण जुना रेडिएटर फोडतं. ब्लॉकच्या बाजूच्या पत्र्याच्या गोल चकत्या गंजल्या असतील तर त्या बदलायची वेळ हीच.

किती आणि कसं चालवायचं

दर रविवारी दोन मिनिटं सुरू करून बंद करणं ही प्रेमापोटी होणारी सगळ्यात मोठी चूक. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन सायलेन्सरमधून जातं. झिजलेल्या रिंगांच्या इंजिनात त्यातलं बरंच चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल गरम झालं नाही तर तिथेच राहतं. त्यापेक्षा महिनाभर चालू न केलेलं बरं. चालू केलंत तर पाण्याचा काटा जागेवर आल्यानंतर आणखी वीस मिनिटं द्या, कारण ऑइल पाण्याच्या मागून तापतं. आयडलवर ठेवू नका, १,२०० ते १,५०० आरपीएमवर ठेवा. शक्य असेल तर आवारातच पहिल्या-दुसऱ्या गिअरला मागेपुढे करा. पण ब्रेक झालेले असतील तरच.

ऑइल लवकर बदला. पहिलं पाच तासांनी, मग पंचवीस, मग पन्नास तासांनी. प्रत्येक वेळी फिल्टर कापायचा, बघायचा, लिहायचं.

कुठे थांबायचं

आवाज ऐकायला शिका. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की आतलं बरंच ऐकू येतं. फिरत्या पंख्यापासून बाह्या आणि केस लांब ठेवा. वरचा टिकटिक आवाज टॅपेटचा, तो चालेल. खालून येणारी ठोक मात्र तपासा. पेट्रोल इंजिनात एकेक प्लग इन्शुलेटेड पक्कडीने वायर काढून बंद करा आणि वायरचं टोक ब्लॉकला धरा. एखाद्या सिलिंडरला ठोक कमी झाली तर त्याच रॉडचं बेअरिंग किंवा गजन पिन (पिस्टनला रॉडशी जोडणारी) सैल आहे. गरम झाल्यावर आणि भार दिल्यावर येणारी जड, खोल धडधड मेन बेअरिंगची (क्रँक ज्यावर फिरतो त्या) असते. जुन्या बॅबिट बेअरिंगच्या (मऊ मिश्रधातू ओतून केलेल्या) काही इंजिनांत कॅपखाली पातळ शिमा, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात. दोन्ही बाजूंच्या सारख्या शिमा काढून फट कमी करता येते आणि इंजिनाला आणखी काही काळ मिळतो. तशी सोय नसेल तर ठोक ऐकल्यावर पुढचा सेल्फ नाही. आज बेअरिंग बदलून भागेल, उद्या क्रँक ग्राइंड करावा लागेल, परवा ब्लॉकच जाईल.

तसंच, दाब हळूहळू नव्हे तर एका दिवसात पडला, डिपस्टिक दुधाळ झाली किंवा फिल्टरमध्ये चकाकणारे पापुद्रे आले, तर त्याच क्षणी बंद करा. ट्रक ढकलून आत न्या.

आणि हे काहीच झालं नाही, केबिन रंगून आलं, ब्रेक झाले, वायरिंग झालं आणि इंजिन उतरवायचा दिवस उजाडला, तर त्या सकाळी ते शेवटचं पूर्ण गरम करा. कॉम्प्रेशन, दाब, व्हॅक्यूम, धूर, कुठून किती गळतंय, सगळं वहीत उतरवा. कुठल्या सिलिंडरच्या रिंगा आणि कुठल्याचा व्हॉल्व्ह, हे लिहिलेलं ते पान इंजिनासोबत मशीन शॉपला द्या.